फेरे तेवढेच, धाव वेगळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी आपल्या दैनिकात आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी होती. फॅब्रिकेशनच्या दुकानात लोखंडी अँगल कापताना ग्राइंडरची चकती फुटली आणि कामगाराच्या मानेला जखम झाली. कारण दिलं होतं, ‘यंत्राने अचानक वेग घेतल्याने’. पुढच्याच ओळीत असंही होतं की चार इंची ग्राइंडरला सात इंची चकती लावलेली होती. खरं कारण या दुसऱ्या ओळीत आहे. बातमी लिहिणाऱ्याच्या ते हातात आलं होतं आणि निसटलं.

ग्राइंडर अचानक वेग घेत नाही. चार इंची ग्राइंडरच्या अंगावरच्या पट्टीवर बहुधा ११,००० हा आकडा असतो. रिकामा फिरताना मिनिटाला इतके फेरे. त्याच्या दांड्यावर चार इंची चकती लावा, सात इंची लावा, नाहीतर नुसता नट आवळून ठेवा, मोटर फेरे तेवढेच देते. मोठी चकती लावली तर दमून थोडे कमीच देईल. म्हणजे त्या दिवशी यंत्राने काहीही वावगं केलं नव्हतं. वेग घेतला होता चकतीच्या कडेने, आणि तोही अचानक नाही, चकती बसवली त्या क्षणापासून. ‘यंत्राने वेग घेतला’ असं छापून आलं की दुकानदार मशीन दुरुस्तीला पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी तीच सात इंची चकती नव्या मशीनला लावतो. म्हणून हे पत्र.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत टर्नर विभागाचा शिल्पनिदेशक होतो. २९ वर्षं लेथवर, म्हणजे धातूचा गोल तुकडा फिरवत कातायच्या यंत्रावर, पोरं घडवली. फेरे आणि वेग यांतला फरक शिकवणं हेच माझं पोटापाण्याचं काम होतं. त्यात मी कुठे कमी पडलो तेही पुढे लिहिणार आहे, त्यामुळे हे पत्र आपल्या वार्ताहरावर राग काढण्यासाठी नाही.

बैलगाडीचं चाक आठवा. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि बाहेरून ठोकलेली लोखंडी धाव. तुंब्याने एक फेरा घेतला की धावेनेही एकच फेरा घेतलेला असतो, त्यात सूट नाही. पण त्या एका फेऱ्यात तुंब्यावर बसलेली माशी हातभर जाते आणि धावेवरचा चिखल गाडीच्या उंचीएवढं मोठं वर्तुळ काढून येतो. जुन्या सुतार-लोहारांनी त्या पट्टीला ‘धाव’ हे नाव कुठल्या विचाराने दिलं मला ठाऊक नाही, पण मला त्याहून नेमका शब्द सापडलेला नाही. पाठ्यपुस्तकात याला ‘कोनीय वेग’ आणि ‘स्पर्शीय वेग’ म्हणतात. मी वर्गात ‘फेरे’ आणि ‘धाव’ म्हणायचो. परीक्षेला काय लिहायचं ते फळ्याच्या कोपऱ्यात वेगळं लिहून द्यायचो.

मला स्वतःला ही गोष्ट कळली ती मात्र गाडीवर नाही, खळ्यावर. आमच्या गावी तेव्हा जोंधळ्याची मळणी बैलांनीच व्हायची. मध्ये तिवडा रोवलेला, त्याला बांधलेली चार बैलांची पात आणि मागे चाबूक घेऊन मी, इयत्ता पाचवी. तिवड्याजवळ नेहमी म्हातारा बैल असायचा आणि सगळ्यात बाहेर नवा खोंड. मला वाटायचं हा म्हाताऱ्याचा मान आहे. आबांनी एकदा तो खोंड आत बांधून दाखवला. तरणा गडी जागच्या जागी घुटमळायला लागला, आणि बाहेरचा म्हातारा तीन फेऱ्यांत फेसाळला. आतला बैल तिवड्यापासून दोन हातांवर, बाहेरचा आठ हातांवर. दोघं फेरा एकदमच पुरा करत होते, करावाच लागत होता, दाव्याने एकाच ओळीत बांधलेले होते ना. पण बाहेरच्याला चौपट चालावं लागत होतं. अंतर चौपट तर चाल चौपट. त्यात ना कमी ना जास्त.

आणखी एक गोष्ट तिथेच दिसायची, तिचा अर्थ मला फार उशिरा लागला. आबा ओरडायचे, “भायेरच्याला हाक की रं!” ते आतल्याला कधीच हाकायला सांगायचे नाहीत. पात उभी असताना हाकारली की आतला बैल नुसतं पाऊल उचलायचा, बाहेरच्याला मात्र उसळी घ्यावी लागायची. पाचव्या पावलाला पात लयीत आली, म्हणजे तेवढ्याच वेळात आतल्याने थोडीशी चाल मिळवली आणि बाहेरच्याने तिच्या चौपट. वेग जसा तिवड्यापासूनच्या अंतराच्या पटीत, तसंच वेग वाढण्याचं प्रमाणही अंतराच्या पटीत. पुस्तकात हे ‘स्पर्शीय त्वरण म्हणजे कोनीय त्वरण गुणिले त्रिज्या’ असं एका ओळीत असतं, आणि मुलं ती ओळ पाठ करून मोकळी होतात. बाहेरच्या खोंडाला विचारा ती ओळ म्हणजे काय असते.

आता चकतीकडे येतो. हार्डवेअरच्या दुकानात उभं राहून कापायच्या चकत्यांवरचे आकडे वाचण्याची मला जुनी सवय आहे. बायको म्हणते, लोक दुकानात येऊन साड्या बघतात. तर बहुतेक चकत्यांवर असं छापलेलं असतं: १०० मिलिमीटर म्हणजे चार इंचीवर कमाल फेरे १५,२०० च्या आसपास, १२५ वर १२,२००, १८० म्हणजे सात इंचीवर ८,५००, २३० वर ६,६००, आणि चॉपसॉला लागणाऱ्या ३५५ च्या मोठ्या चकतीवर ४,३००. हे आकडे बघून कित्येक फिटर मला म्हणाले आहेत, “सर, मोठी चकती कमी दमाची बनवतात.” तसं नाही. प्रत्येक आकड्याला त्या-त्या चकतीच्या परिघाने गुणा आणि ६० ने भागा. दर वेळी उत्तर सेकंदाला ८० मीटर येतं, ताशी २८८ किलोमीटर. सगळ्यांचा दम एकच आहे. चकतीला तिचे फेरे किती झाले याच्याशी काही देणंघेणं नसतं, तिची कड किती धावली एवढंच तिला कळतं. म्हणून तर कित्येक चकत्यांवर फेऱ्यांच्या शेजारी ‘८० मीटर प्रति सेकंद’ असंही लिहिलेलं असतं. ते कुणी वाचत नाही, कारण मशीनवर छापलेला आकडा फेऱ्यांचा असतो.

आता बातमीतली जोडी घ्या. ११,००० फेऱ्यांचं यंत्र. त्यावर त्याची हक्काची चार इंची चकती असती, तर कड सेकंदाला ५७ ते ५८ मीटर धावली असती, मर्यादेच्या पुष्कळ आत. सात इंची लावल्यावर तीच कड १०३ मीटरच्या पुढे गेली, म्हणजे ताशी ३७० किलोमीटरच्या वर. ८० च्या मर्यादेपेक्षा ३० टक्के जास्त. ‘तीस टक्के ना, चालतंय की’ असं आपल्याकडे लगेच म्हटलं जातं. पण चकतीच्या अंगात जी ओढाताण होते ती वेगाच्या वर्गाने वाढते. वेग १.३ पट झाला की ताण जवळजवळ १.७ पट होतो. चकती करणारे काही ढील ठेवतातच, म्हणून दहा वेळा काही होत नाही. दहा वेळा काही झालं नाही हेच अकराव्या वेळेचं कारण असतं.

त्या ओढीचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब देतो. चार इंची चकतीच्या कडेवरचा एक ग्रॅमचा कण ११,००० फेऱ्यांना वर्तुळात धरून ठेवायचा, तर पावणेसात किलो वजनाएवढी ओढ लागते. एका ग्रॅमसाठी! सात इंचीच्या कडेवर तेवढ्याच फेऱ्यांना तीच ओढ बारा किलोच्या वर जाते. ती ओढ पुरवणारं कोण, तर राळ आणि आत घातलेली काचतंतूची जाळी. जाळी सुटली की तुकडा ज्या दिशेला त्या क्षणी धावत होता त्याच दिशेला सरळ निघतो. ठिणग्या बघा ना, त्या चकतीच्या मध्यापासून बाहेर फेकल्यासारख्या कधी उडत नाहीत, कडेला सरळपट्टी टेकवून रेघ ओढावी तशा जातात. स्पर्शरेषा शिकवायला मला याहून चांगला फळा मिळाला नाही. आणि फुटलेला तुकडा त्याच रेषेने जातो, म्हणून गार्ड लागतो, आणि म्हणूनच चकतीच्या रेषेत तोंड धरायचं नसतं.

एक बारकावा सांगायचा राहिला. चकती लोखंडात दाबलेली असताना फेरे पडतात. ती उचलली की फेरे पुन्हा पूर्ण चढतात. त्यामुळे कापताना टिकलेली चकती काम संपवून हवेत उचलल्यावर फुटू शकते, आणि तोवर माणसाने चष्मा कपाळावर सरकवलेला असतो.

२००९ साली मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला भेटायला त्याच्या कामाच्या जागी गेलो होतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही. चार इंची ग्राइंडरला सात इंची चकती, गार्ड काढून टेबलाखाली टाकलेला. चार इंची चकतीचं भोक १६ मिलिमीटरचं, सात इंचीचं २२ च्या वर, म्हणून मध्ये बुश, म्हणजे भोकातली फट भरणारी कडी, घातलेला. बुश माझ्याच विद्यार्थ्याने लेथवर काढला होता आणि सुंदर काढला होता, हे मुद्दाम सांगतो. मी बोलायला तोंड उघडेपर्यंत त्याने स्विच दाबला. एक तुकडा माझ्या कानाजवळून जाऊन प्लायवूडच्या दारात रुतला, दुसऱ्याने त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा कापल्या. ती बोटं आजही पुरती मिटत नाहीत.

हा मुलगा माझ्या वर्गात कटिंग स्पीडच्या, म्हणजे कापताना कड किती धावते त्याच्या, गणितात कधी चुकला नव्हता. पाय गुणिले व्यास गुणिले फेरे भागिले हजार, हे झोपेतही म्हणायचा. (वर्गात ‘पाय’ म्हटलं की पहिल्या आठवड्यात सगळी पोरं खाली बघायची, ती गंमत वेगळी.) दवाखान्यात मी त्याला विचारलं, अरे, तुला येत होतं ना हे? तो म्हणाला, “सर, ते लेथचं होतं.”

त्या वाक्यावर मी बरीच वर्षं विचार केला आहे. चूक माझी होती. मी सूत्र लेथच्या खात्यात जमा केलं आणि ग्राइंडरच्या खात्यात भरायचं विसरलो. लेथवर जॉब (कातायचा तुकडा) फिरतो आणि टूल (कातणारं हत्यार) थांबलेलं असतं, ग्राइंडरवर टूलच फिरतं, एवढ्या फरकाने मुलाला ते दुसरंच शास्त्र वाटलं. त्यानंतरच्या प्रत्येक बॅचला मी पहिल्या दिवशी लेथ दाखवलाच नाही. मोडकी सायकल उलटी ठेवायचो, एका आऱ्याला तुंब्याजवळ एक आणि धावेजवळ एक अशी दोन लाल चिंध्या बांधायचो आणि चाक फिरवायचो. कुठली चिंधी दिसते, कुठली नुसती लाल रेघ होते? मग सगळी मशिनं.

लेथवर हे किती ठिकाणी भेटतं ते टर्नर मंडळींना सांगायला नको. हाय स्पीड स्टीलच्या टूलने साधं पोलाद कापायचं तर मिनिटाला तीसेक मीटर वेग बरा. १०० मिलिमीटरच्या गोलाला त्यासाठी सुमारे ९५ फेरे पुरतात, २० मिलिमीटरच्या गोलाला ४७५ च्या घरात लागतात. नवखा मुलगा गिअरचा दांडा एकदा लावतो आणि दिवसभर तेच फेरे ठेवतो. मग मोठ्या जॉबवर टूल जळतं आणि छोट्यावर काम रेंगाळतं. फेसिंग करताना, म्हणजे जॉबचं तोंड सपाट करताना, तर एकाच जॉबवर दोन्ही बघायला मिळतं. टूल कडेकडून मध्याकडे येतं, फेरे तेच, पण वेग उतरत उतरत मध्यबिंदूवर शून्य. बिडाच्या मोठ्या कास्टिंगवर बाहेर छान कातणारं टूल मध्याशी आलं की नुसतं कुरतडतं आणि मधोमध एक बोंड ठेवतं. पोरांना वाटतं टूल बोथट झालं. टूल चांगलं असतं, त्याच्यासमोर धातू धावतच नसतो.

संगणकाच्या आदेशांवर चालणाऱ्या सीएनसी लेथवर जी ९६ हा आदेश दिला की मशीन वेग कायम ठेवतं आणि व्यास घटेल तसे फेरे वाढवतं. आमच्या औद्योगिक वसाहतीतून जाताना चढत जाणारा आवाज ऐकू येतो ना, तो कुठेतरी फेसिंग चालल्याचा. पण मध्याशी व्यास शून्य होतो, म्हणजे मशीनला फेरे अनंत करावे लागतील. मिनिटाला २०० मीटर मागितले आणि व्यास २ मिलिमीटर उरला, तर हिशेबाने जवळजवळ ३२,००० फेरे होतात. म्हणून आधी जी ५० या आदेशाने फेऱ्यांवर लगाम घालावा लागतो. तो घालायला विसरलेल्या पोरांना मी विचारायचो, टूलच्या टोकाचा वेग तू सांभाळलास, पण त्याच दांड्यावर जॉब धरणारा २०० मिलिमीटरचा चक बसलाय, त्याच्या कडेचं काय? चकचे जबडे फेरे वाढतील तसे बाहेर ओढले जातात, पकड सैल होते आणि जॉब सुटतो. आतला बैल आणि बाहेरचा बैल, दुसरं काही नाही.

याच्या उलटा प्रकार पट्ट्यावर. आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्याने गर्दी वाढली म्हणून मोटरची चार इंची पुली काढून पाच इंची बसवली. मोटर १४४० फेऱ्यांची, गिरणीची पुली आठ इंची. पट्टा दोन्ही पुल्यांवरून एकाच वेगाने धावतो, तो मध्ये कुठे ताणला किंवा गोळा होत नाही, त्यामुळे लहान पुलीला जास्त फेरे आणि मोठीला कमी. आधी गिरणीला ७२० फेरे मिळत होते, आता ९०० मिळायला लागले. दगडाची कड सव्वापट धावू लागली, पीठ हाताला चटका देईल इतकं गरम यायला लागलं आणि गल्लीतल्या बायकांनी दोन दिवसांत पुली परत बदलून घेतली. मी त्याला आधी महिनाभर समजावत होतो, माझं ऐकलं नव्हतं. एका दांड्यावर असाल तर फेरे सारखे, एका पट्ट्यावर असाल तर धाव सारखी. कुठल्याही चक्राच्या गणितात आधी एवढंच बघायचं असतं की कोण कुणाशी कसं बांधलेलं आहे.

शाळेतल्या शिक्षकांसाठी रेडियनबद्दल थोडं लिहितो, कारण मुलं तिथे हमखास अडकतात. त्रिज्येने गुणायचं तर कोन अंशात का चालत नाही? एक पुली घ्या, तिच्या त्रिज्येएवढा सुताचा तुकडा कापा आणि कडेवर बसवत जा. सहा वेळा पूर्ण बसतो आणि वर पाव तुकड्याहून जरा जास्त जागा उरते. पुली लहान घ्या, मोठी घ्या, तेवढंच. एका तुकड्याने व्यापलेला कोन म्हणजे एक रेडियन, ५७ अंशांच्या जरा वर. आपण कोन मुळातच ‘किती त्रिज्या कड’ असा मोजला, म्हणून त्रिज्येने गुणलं की कड मिळते. अंश ही आपण वर्तुळाचे ३६० भाग पाडून ठरवलेली मोजणी आहे, पुलीला तिचा पत्ता नसतो. हे सुताने दाखवायला दहा मिनिटं लागतात आणि सूत दोन रुपयांचं.

आपल्याकडे माझी विनंती एवढीच की त्या बातमीची दुरुस्ती छापावी. ‘यंत्राने अचानक वेग घेतल्याने’ याऐवजी ‘यंत्राच्या फेऱ्यांना न चालणारी मोठी चकती लावल्याने’ असं हवं. जमलं तर चौकट करून हेही छापावं की चकतीवरचा कमाल फेऱ्यांचा आकडा नेहमी मशीनवरच्या आकड्यापेक्षा मोठा असला पाहिजे. ८,५०० ची चकती ११,००० च्या मशीनवर, हे कुणालाही दोन आकडे शेजारी ठेवून कळतं, त्याला भौतिकशास्त्र लागत नाही. मात्र याचा अर्थ पाच इंची चकती गार्ड काढून चार इंची मशीनवर चालते असा कुणी काढू नये. तिचा आकडा बसतो, पण गार्ड गेला. आणि हार्डवेअरच्या दुकानदारांनी १६ चं आणि २२ चं भोक जुळवायचे बुश विकणं बंद करावं. ती दोन भोकं वेगवेगळी आहेत, तोवर सात इंची चकती चार इंची मशीनवर सहजासहजी बसत नाही, आणि तेच बरं आहे.

कृपया माझं नाव छापू नये. ज्या कारखान्याचा प्रसंग लिहिला आहे त्याचे मालक अजून रोज सकाळी रंकाळ्यावर भेटतात आणि आम्ही दोघं शेंगदाणे वाटून खातो.

आपला,
एक सेवानिवृत्त शिल्पनिदेशक (टर्नर), कोल्हापूर

ता. क. : बऱ्याच चकत्यांच्या मधल्या पत्र्याच्या कडीवर मुदत संपण्याचा महिना आणि साल कोरलेलं असतं, कारण राळ जुनी झाली की धरत नाही. काल मी घरातल्या माळ्यावरची डबी काढून बघितली. पाचातल्या तीन चकत्या बाद निघाल्या, त्यातली एक मीच गेल्या दिवाळीत खिडकीच्या गजाला वापरली होती.